किटलीची मूठ

भांडी नि अवजारं बोलत असत त्या काळी एका तांबटाच्या दुकानात नियम होता : हात भाजला तर दोष हाताचा, भांड्याचा कधीच नाही. त्यावर प्रश्न विचारायचा नाही.

पोचा काढायला आलेल्या किटलीने मात्र तोंड उघडलं. "चहा ओतताना माझ्या मुठीने चहावाल्या बायजाचा तळहात तीनदा भाजला."

"फडकं धरायचं तिने!" ऐरणआजी खेकसली. "कालची पोर, आम्हाला शिकवते!"

"गर्दीत फडकं सापडतं का, आजी? हातोडेआजोबा, मुठीला वेत गुंडाळायला किती वेळ लागतो?"

"विडा चघळून होईस्तोवर," हातोडा बोलून गेला.

"एवढाच? मग दोष हाताचा कसा? वेत गुंडाळल्याशिवाय मी बायजाच्या हातात जाणार नाही."

हातोडा कोपऱ्यातल्या वेताच्या जुडीकडे पाहू लागला.