आठवा जिन्नस

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं, ते विचारू नका. विचारलंत तर मी काहीतरी ठोकून देईन.

समुद्रकाठी एक गाव होतं आणि त्या गावात नाताळची सगळ्यात कडक शिस्त होती ती कातरीनबाईंच्या घरी. नाताळ पंधरा दिवसांवर आला की घरात लगीनघाई उडायची. अंगणात गवताचा गोठा उभा राहायचा, बाळ येशूसाठी. बांबूच्या कामट्यांची चांदणी माडावर चढायची. आणि सगळं घर पाटावर बसून नव्याकोऱ्या फणीवर पिठाच्या गोळ्या दाबून कलकल वळायचं. फणी नवीनच हवी, नाहीतर बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू!

नाताळच्या सकाळी फराळाचं ताट गावात घरोघरी जायचं. त्यात सात जिन्नस. करंज्यांसारख्या नेवऱ्या, कलकल, शंकरपाळे, अनारसे, खोबऱ्याच्या वड्या, गूळ-नारळाच्या रसाचा काळाभोर दोदोल आणि पेरूच्या लालचुटूक वड्या, म्हणजे पेराद. सहा नाहीत, आठ नाहीत. "आमच्या घरची रीत आहे ही, पणज्याच्या पणज्यापासूनची," असं बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

त्या वर्षी घरात नवी सून आली होती, सेफिना. तिचं माहेर डोंगरापलीकडे, तीन दिवसांच्या वाटेवर. नाताळला माहेरी जाणं शक्य नव्हतं, म्हणून आईनं तिच्याबरोबर नाचणीच्या पिठाची पुरचुंडी दिली होती.

"आई, थोडे नाचणीचे लाडू करू का ताटात ठेवायला? आमच्याकडे त्याशिवाय नाताळ होत नाही," सेफिनानं सासूला भीतभीत विचारलं.

"नाचणीचे? अगं बाई! असले मातकट लाडू नाताळच्या ताटात? लोक काय म्हणतील? ताटात सातच असतात."

 सेफिनानं नवऱ्याकडे पाहिलं. बस्त्यावच्या तोंडात कलकलांचा बकाणा होता, आणि नसता तरी आईपुढे त्याचं तोंड उघडलं नसतंच. परसात गेल्यावर सेफिना त्याला एवढंच म्हणाली, "या घरात सगळं तुमचं आहे. मग माझं काय आहे हो इथं?"  बिचाऱ्याला खरंच वाईट वाटलं, पण नुसतं वाईट वाटून काय होतं?

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी फिलूआत्या आल्या. कातरीनबाईंची ही थोरली नणंद. अंगानं पाप्याचं पितर, आवाज मात्र खणखणीत. सून कोपऱ्यात डोळे पुसताना त्यांना दिसली.

"काय गं, सणाचं रडतेस का?"

 उत्तर कातरीनबाईंनीच दिलं, "काही नाही वन्सं, तिला ताटात आठवा जिन्नस हवाय. म्हटलं, पणज्याच्या पणज्यापासून सातच आहेत."

फिलूआत्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

"सात? अगं, माझ्या आजीच्या वेळी पाचच होते! दोदोल माझी आई माहेराहून शिकून आली. आणि पेराद कुणी आणला गं?"

कातरीनबाईंनी आठवून पाहिलं. त्यांना खरंच आठवेना.

"तूच की! तुझा पहिला नाताळ. चुलीमागे बसून हमसून हमसून रडत होतीस, माझ्या माहेरी पेराद असतो म्हणून. माझ्या आईनं भर उन्हात होडी काढायला लावली माझ्या भावाला. खाडीपलीकडून टोपलीभर पेरू आणवले. रात्री जेवताना म्हणाली, आता पोर रुळेल."

 ती चूल, ती टोपली, सासूचा पाठीवरचा हात, सगळं कातरीनबाईंना एकदम आठवलं. डोळे भरून आले. स्वतःची लाज वाटली त्यांना, आणि सासूची आठवण अनावर झाली.

त्या उठल्या, कढई चुलीवर ठेवली आणि म्हणाल्या, "सेफिना, आण ती पुरचुंडी. तूप किती घालायचं ते सांग. मला नाही येत."

"आई, आधी पीठ मंद आचेवर भाजायचं," सेफिना म्हणाली. पहिला घाणा बाईंनी करपवला. सेफिना हसली, मग बाईही हसल्या. बस्त्यावनं करपलेलंही खाल्लं, त्याचं काही सांगू नका!

नाताळच्या सकाळी ताट शेजारी गेलं. शेजारीणबाईंनी रुमाल उचलला आणि भुवया चढवल्या. "कातरीन, हे लाडू कसले? तुमच्या ताटात तर सातच असतात ना?"

"आठ असतात," कातरीनबाई ठसक्यात म्हणाल्या. "आमच्या घरची रीत आहे ती."

"अय्या! कधीपासूनची?"

"कालपासूनची," बाई म्हणाल्या, आणि सुनेचा हात धरून पुढच्या घराकडे निघाल्या.

बोध: घरात आलेल्या नव्या माणसाला जिच्यात जागा मिळते, तीच रीत पिढ्यान् पिढ्या टिकते.