भिवरा हत्तिणीचा लेप

एका लहानशा संस्थानात त्रिंबकशास्त्री नावाचे वैद्य होते. त्यांच्या हाताला मोठा गुण होता, पण नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. आधी मान, मग औषध, हा त्यांचा शिरस्ता. मान कमी पडला की ते काढा चुलीवर तसाच ठेवून घरी जेवायला जात, आणि रोगी बिचारा कण्हत वाट पाही.

संस्थानची भिवरा नावाची एकुलती एक हत्तीण होती. एकदा तिच्या पुढच्या पायाचा तळवा फाटला आणि ती खाली बसली. बाबालाल माहुताने तिला लहानाची मोठी केली होती. तो शास्त्रीबुवांच्या दारात येऊन रडला. "तीन दिवस झाले, तिने चारा सोडलाय. हत्ती फार दिवस बसला तर पुन्हा उठत नाही, शास्त्रीबुवा."

शास्त्रीबुवांकडे उपाय होता. एका डोंगरी मुळीची पूड पाण्यात उकळायची. पाणी निवू लागले की त्यात डोळ्यांना न दिसणारे तंतू आपोआप तयार होत आणि खरवसासारखा मऊ लेप थिजे. अडचण एवढीच, की तंतू वाटेल तसे आडवेतिडवे पसरत. असा लेप माणसाच्या बोटाला चाले, हत्तीच्या पायाखाली त्याचा चोथाच व्हायचा. पण पाणी निवत असताना पातेल्याच्या दोन बाजूंना लोहचुंबकाचे दोन धोंडे धरले, तर सगळे तंतू विंचरलेल्या केसांसारखे एका दिशेला लागत. मग लेप ताणला तरी तुटत नसे, आणि जखमही त्या तंतूंच्या वाटेने भरून येई. पूड तीन वेळा पुरेल इतकीच होती. चुंबक मात्र राजवाड्यात होते.

राजवाड्यातली वस्तू म्हटली की मानपान आलाच. दुसऱ्या दिवशी हत्तीखान्यापुढे मांडव पडला. चुंबकांची पूजा झाली. भटजी नमस्काराला वाकले, तो त्यांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा धोंड्याला चिकटला. त्यांना तसेच वाकलेले ठेवून आरती उरकली. शास्त्रीबुवांनी उकळते पातेले खाली उतरवले आणि म्हणाले, "धरा धोंडे."

राजघराण्याच्या थोरल्या पातीचे, म्हणजे थोरल्या शाखेचे, सरदार पुढे झाले. धाकट्या पातीचेही झाले. पहिला धोंडा धरायचा मान कुणाचा? थोरल्यांनी पणजोबांपासून सुरुवात केली, धाकटे थेट खापरपणजोबांवर गेले. निकाल लागला तेव्हा लेप थिजून गार पडला होता. तरी धोंडे धरले, सनई वाजली, लेप बांधला. भिवराने कसाबसा पाय टेकला आणि लेपाचा चोथा झाला. ती पुन्हा बसली.

"एकदा थिजल्यावर ते तंतू कुणाच्या बापाचे ऐकत नाहीत," शास्त्रीबुवा सरदारांवर कडाडले.

दुसऱ्या खेपेला महाराजांनी दोन्ही सरदारांच्या हातात एकेक धोंडा देऊन आधीच उभे केले. पातेले उतरले. सगळे शास्त्रीबुवांच्या खुणेची वाट पाहू लागले. पण शास्त्रीबुवांची नजर आपल्या मानाच्या तबकावर होती. तबकात नारळ होता, पागोटे होते, शेला नव्हता. ते खूण न करता अडून राहिले. कारभाऱ्यांच्या ते लक्षात यायला वेळ लागला, शेला आणायला त्याहून जास्त. तो खांद्यावर पडताच शास्त्रीबुवांनी प्रसन्न होऊन खूण केली आणि पातेल्यात बोट घातले. बोट रुतून उभे राहिले.

या वेळी कडाडायला दुसरे कुणी सापडेना. बाबालालने भिवराच्या कानामागे ओले फडके ठेवले, ते तिने झटकलेही नाही. शास्त्रीबुवांना आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली, आणि चांगलीच वाटली.

पुढच्या सकाळी कुणाची वाट न पाहता ते बोडक्या डोक्याने हत्तीखान्यात आले. धोंडे कालपासून तिथेच होते. उरलेली सगळी पूड उकळली. पातेले उतरवताच एक धोंडा त्यांनी स्वतः धरला, दुसरा बाबालालने. विडा चघळून होईल एवढा वेळ दोघे घाम गाळत बसून राहिले. लेप थिजला, तसा त्यांनी तो लगेच बांधला.

तेवढ्यात महाराज लवाजम्यासह पोहोचले. थोरले सरदार लालबुंद झाले. "आमच्या मानाचा धोंडा कुणाला विचारून उचललात?"

"मान तुमचाच होता, सरदारसाहेब," शास्त्रीबुवा हात जोडून म्हणाले. "पण लेप तेवढा थांबायला तयार नव्हता."

भिवराने पाय टेकला. लेप ताणला गेला, पण तुटला नाही. ती उठली, एक पाऊल टाकले, मग दुसरे. बाबालाल तिच्या सोंडेला बिलगून रडू लागला. ती मात्र त्याला तसाच ओढत उसाच्या गाडीकडे निघाली. तिच्यापुढून चालायचा मान कुणाचा, हे कुणीच विचारले नाही. दोन्ही पातींचे सरदार आधीच बाजूला पळाले होते.

तात्पर्य: जे मऊ आहे त्याला मऊ असतानाच दिशा द्यावी. आपला मान सांभाळण्यात ती वेळ घालवली, तर पुढे कितीही मोठा माणूस आला तरी ते वळत नाही.