पठारावर पुढं कोण?

पाचगणीच्या पलीकडं एक पठार आहे. सुटीला आलेल्या लोकांना तिथं चार चाकांच्या क्वाड बाईकवर बसवून रानातून फिरवून आणतात. वाट दाखवायला होती गवळी-धनगरांची ठकू. लहानपणापासून तिनं त्याच पठारावर म्हशी राखलेल्या, दगड न् दगड तिच्या ओळखीचा. पण कामाचा तो पहिलाच दिवस, आणि मालकानं बजावलं होतं, "एक जरी पाहुणा रुसून गेला, तर उद्यापासून येऊ नकोस."

आणि नेमके आले सरपोतदार साहेब! गाडीवर बसले नि गरजले, "तीस वर्षं अख्खी कचेरी माझ्या मागून चालली. मी एका पोरीच्या मागून जाऊ? मी पुढे, तू मागे!"

पहिल्याच वळणाला दरी. नाही म्हणावं तर काम जातं, हो म्हणावं तर साहेब जातात!

ठकू गोड हसली. "चला की साहेब, तुम्हीच पुढं. मला सवयच आहे. याच वाटेनं इतकी वर्षं म्हशी पुढं असायच्या न् मी मागं."

साहेबांच्या मागं बसलेल्या त्यांच्या बायकोबाई अशा हसल्या की हेल्मेट नाकावर आलं. साहेबांनी गाडी बाजूला घेतली आणि ठकूला वाट दिली.

वर टोकाला पोचल्यावर ठकू म्हणाली, "आता फोटोला तरी पुढं या, साहेब."

"नको गं बाई," साहेबही आता पोट धरून हसत होते, "तू हाकायला लागशील!"

दुसऱ्या दिवशी ठकू कामावर आली, ती पुढंच.