ओठांवरचं उपरणं

“पण गुरुजी, यातलं सगळ्यांत चांगलं सॉफ्टवेअर कुठलं ते ठरल्याशिवाय डिस्कला हात कसा लावू?”

निरंजन सकाळपासून हेच विचारत होता. कृष्णाकाठच्या या पाठशाळेत तो लहानपणी वेद शिकला, मध्येच सोडून कॉम्प्युटरकडे वळला, आणि आज पुण्याहून स्वतःच्या गाडीने मदतीला आला होता. मदतीपेक्षा मतंच जास्त आणली होती त्याने.

पाठशाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क टकटक वाजू लागली होती. त्याच डिस्कवर खांबेटे गुरुजींचा आवाज होता, घशाच्या ऑपरेशनआधीचा. आता त्यांना कुजबुजण्यापलीकडे बोलता येत नव्हतं. मुलं त्या ध्वनिमुद्रणावरच शिकत. कुठली ऋचा कुठे आहे हे दाखवणारा प्रोग्रॅम इतका जुना, की तो आता कुठे मिळतच नव्हता. म्हणून नुसत्या फायली उचलून भागणार नव्हतं. अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवायला हवी होती. ही गेली, की आवाज गेला.

“हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण दिसायला गचाळ,” निरंजन सांगत होता. “हे मशीन चालू असतानाच क्लोन करतं. हे रिकामी जागा सोडून देतं. आणि हे तर शेवटी पडताळणीही करतं.”

“कोणाची?”

“स्वतःच केलेल्या कॉपीची.”

गुरुजी हसले. आवाज आला नाही, खांदे तेवढे हलले.

“संथा कशी घ्यायचास, आठवतं?”

“तुम्ही एकदा म्हणायचात. आम्ही मागून दोनदा.”

“मग?”

“मग तुम्ही...” निरंजन ओशाळला. “तोंडावर उपरणं धरायचात.”

“का?”

“मी तुमच्या ओठांकडे बघून म्हणायचो, म्हणून.”

“सुरेख म्हणायचास. उपरणं वर जाईपर्यंत.”

गुरुजींनी पडद्यावरच्या सॉफ्टवेअरच्या यादीकडे बोट दाखवलं.

“तुझ्या या मंडळींत उपरणं कोणाकडे आहे?”

निरंजन यादी वरखाली करत राहिला.

“कुठलंही घे,” गुरुजी म्हणाले. “पण आज घे.”

निरंजनने जरा रागातच एक निवडलं आणि कामाला लागला. तेवढ्यातही हुशारी दाखवल्याशिवाय तो राहिला नाही. डिस्कच्या सुरुवातीचा एक चिमुकला भाग त्याला बिनकामाचा वाटला. त्याच्यापुढची खूण त्याने काढून टाकली.

जेवणं झाली. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

“झालं, गुरुजी! पडताळणीसुद्धा बरोबर आहे.”

“बंद कर. जुनी बाहेर काढ.”

जुनी डिस्क गुरुजींनी मांडीवर घेतली आणि तिच्यावर उपरणं घातलं.

“आता नवीला म्हणू दे.”

नवी डिस्क लावून निरंजनने बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत होती, बस्स.

“काय गाळलंस?”

“काही नाही, गुरुजी. तुमचा आवाज सगळा घेतलाय. फक्त सुरुवातीचा एक छोटा भाग... त्यात तसं काही नव्हतंच. मशीन सुरू होताना नुसतं...”

बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगलं, मशीन सुरू व्हायला आधी तोच भाग लागत होता.

“हरिः ॐ न म्हणताच सुरुवात केलीस होय रे?”

निरंजनला कुठे तोंड लपवावं कळेना. त्याहून मोठी भीती निराळीच होती. आजारी डिस्कला पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचायला लावायचं होतं. ती मध्येच गप्प झाली तर? त्याने तिला परत जागेवर बसवलं. सॉफ्टवेअर तेच. या वेळी त्याने एकही खूण काढली नाही, एकही मत दिलं नाही. टकटक वाढत गेली तसा तो श्वास रोखून बसून राहिला. गुरुजींनी तेवढ्यात मस्तपैकी एक डुलकी काढली.

उन्हं कलली. हिरवी खूण पुन्हा उमटली. निरंजनने तिच्याकडे धड पाहिलंही नाही. मुकाट्याने त्याने जुनी डिस्क काढली, गुरुजींच्या मांडीवर ठेवली आणि उपरणं स्वतःच्या हाताने तिच्यावर पसरलं.

मग बटण दाबलं.

काळा पडदा... रेघ... आणि जुना ओळखीचा निळा पडदा! प्रोग्रॅम उघडला. त्याने पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

“हरिः ॐ!”

खणखणीत, भरदार आवाज. ओसरी दुमदुमली. अंगणात धोतरं वाळत घालणारी मुलं जागच्या जागी ताठ उभी राहिली. ऋचेचा पहिला चरण झाला आणि कोणी न सांगता सगळ्यांनी मागून म्हटला, एकदा, पुन्हा एकदा. निरंजनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि तो हसतही होता. त्याला नाचावंसं वाटत होतं.

“जिंकलो, गुरुजी! उतरला! सगळाच्या सगळा उतरला! आता तुमचा आवाज कुठे जात नाही!”

गुरुजींचेही डोळे भरून आले होते. कितीतरी वेळ ते स्वतःला ऐकत राहिले.

मग त्यांनी हात पुढे करून आवाज थांबवला. मांडीवरचं उपरणं उचललं, कॉम्प्युटरवर टाकलं, आणि निरंजनकडे वळून कुजबुजले,

“आता तू म्हण.”