पंचमाच्या तारेखालचा दोरा

“सुरात आहे हो नवी, पण कोरडी आहे,” खर्जाची जाड तार शेजारच्या जोडतारांना हळूच म्हणाली. फार जुनी गोष्ट. तंबोऱ्यावर कालच आलेल्या पंचमाच्या तारेने ते ऐकलं. तारांच्या घरात भिंती कुठे असतात?

“उद्याच्या मैफिलीतही अशीच वाजली, तर बुवा हिला उतरवतील,” जोडतारा म्हणाल्या.

नवीला प्रश्न पडला, सूर अचूक असून कमी काय पडतंय? तिने निरखून पाहिलं. तारा जिच्यावरून ताणलेल्या असतात त्या घोडीवर प्रत्येकीला खालून एक सुती दोरा टेकलेला होता. आपला मात्र तिने आल्या आल्या दूर सारला होता, आवाज थरथरू नये म्हणून.

“तू करतोस तरी काय?” तिने दोऱ्याला विचारलं.

“फक्त लागतो. मग आतलं बाहेर येतं.”

“आणि आवाज थरथरला म्हणून कुणी हसलं तर?”

“हसतील की.”

मैफिलीत पहिलं बोट तिच्यावरच पडलं. या वेळी तिने दोरा जवळ येऊ दिला. असा गुंजारव उठला की बुवा क्षणभर गायचं विसरले.

“काय गं, हे कुठे होतं इतका वेळ?” खर्जाने विचारलं.

“आतच दाबून ठेवलं होतं, आत्याबाई. तारेच्या ज्या वेटोळ्यातून मला कापून आणलं, तिथे माझ्या बहिणी आहेत. मला त्यांची फार आठवण येते.”