उंबऱ्याबाहेर गेलेलं विरजण

फार पूर्वी, म्हणजे औषधं बाटल्यांत बंद होऊन दुकानात जाऊन बसली नव्हती तेव्हा, नदीकाठच्या एका गावात एक आसवघर होतं. आसव म्हणजे गूळ, मनुका आणि रानातल्या मुळ्या-साली रांजणात आंबवून केलेलं औषध. आजाऱ्याने सकाळ-संध्याकाळ घोटभर घ्यायचं, की भूक लागायची, अंगात तरतरी यायची. मेलेला माणूस उठून बसायचा असं काही मी म्हणत नाही, उगाच थापा कशाला मारू? पण अंथरुणाला खिळलेलं माणूस त्याने जेवायला लागायचं, आणि जेवायला लागलं की हळूहळू बरंही व्हायचं.

काय दिवस होते ते! दुपारी रांजणांची झाकणं निघाली की सगळ्या आळीभर गोडसर, आंबूस वास पसरायचा. घड्याळं कुणाकडे होती? बायका तो वास आला की म्हणायच्या, "चला गं, उन्हं कलली." लोक घरून पितळी तांब्या घेऊन यायचे आणि आसवघराच्या ओट्यावर बसून सुखदुःखाचं बोलायचे. निम्मं दुखणं तर तिथेच हलकं व्हायचं. आता औषध झटपट मिळतं, पण बसायला ओटा कुठे मिळतो?

या आसवघराचे मालक होते त्रिंबकनाना. आतल्या खोलीतल्या एका रांजणात त्यांचा सगळा जीव. दह्याला लागतं तसं आसवालाही विरजण लागतं, आणि ते त्या रांजणात होतं, नानांच्या पणजोबांच्या वेळचं. रोज त्याला गुळाचं पाणी पाजायचं आणि लाकडी दांड्याने ढवळायचं, तरच ते जिवंत राहायचं. ते नसेल तर कितीही मुळ्या उकळा, नुसतं गोड पाणी हाती यायचं. म्हणून घराण्याचा दंडक होता की विरजण उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. वडिलांनी शेवटच्या आजारात नानांचा हात घट्ट धरून तेच बजावलं होतं, आणि नानांनी तसा शब्द दिला होता.

मग एका वर्षी साथ आली. कसली, कुठून, काही कळेना. आज या घरात खोकला, उद्या शेजारच्या घरात ताप. गावांनी आपापल्या वेशी बंद केल्या. बाजार उठला, लग्नं लांबली, माणूस माणसाला बघून रस्ता बदलू लागला. आसवघरापुढची रांग तेवढी वाढत गेली. नाना ओट्यावर उभे राहून ओरडायचे, "तांब्या ठेवा आणि लांब व्हा! अरे बाबा, गळ्यात गळे नंतर घाला!"

कामावरचं कुणी खोकलं की नाना त्याला घरी धाडायचे आणि त्याच्या दारात धान्य पोचतं करायचे. "बरा झालास की ये. तुझी जागा कुठे जात नाही," असं सांगायचे. म्हातारे सदोबा कारभारी तेवढ्यापुरतं कपाळाला हात लावायचे आणि स्वतःच धान्य मोजून द्यायला उठायचे.

पण नदीपलीकडच्या गावांपर्यंत आसव पोचेना. वेशीवर गाड्या अडायच्या, घडे उन्हात तापायचे, आसव फसफसून वाया जायचं. एके सकाळी पलीकडची सगुणाबाई नदी उतरून आली आणि ओट्यापासून लांब उभी राहिली.

"नाना, मला आसव नको," ती म्हणाली. "तांब्याभर आसवाने एक घर भागेल. आमच्याकडे गूळ आहे, मुळ्यांचं रान तर दाराशीच आहे. मला विरजण द्या. त्याने गाव भागेल."

सदोबांच्या हातातली पळी खाली पडली. असं कधी कुणी मागितलंच नव्हतं.

"ते नाही देता येत, बाई," नाना म्हणाले. "दुसरं काहीही मागा."

"दुसरं काय मागू? माझी सून उठत नाही हो. पोर अंगावरचं आहे." तिने पुढे होऊन आणलेला तांब्या ओट्याच्या कडेला ठेवला. "हा इथे राहू दे. मी पिंपळाखाली थांबते. नाहीच म्हणालात तर रिकामा घेऊन जाईन."

ती गेली, आणि तो रिकामा तांब्या नानांकडे बघत बसला. नाना आत गेले, विरजणाचा रांजण ढवळू लागले, पण हात चालेना. त्यांना आई आठवली. लहानपणी शेजारीण दह्याला विरजण मागायला यायची तेव्हा आई स्वतःच्या दह्यातलं काढून द्यायची. आणि शेजारचं भांडं परत करताना त्यात काही ना काही घालायचीच, निदान चिमूटभर साखर तरी. एकदा नाना धुतलेली वाटी तशीच परत द्यायला निघाले, तर आईने हाताला धरून मागे ओढलं होतं. "कुणाचं भांडं रिकामं परत करतात का रे? आपल्या घरात असं चालत नाही!" त्या दिवशी घरात साखर नव्हती, तर तिने वाटीत तुळशीची पानं घातली होती. आईच्या आठवणीने नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. दंडक वडिलांचाही होता आणि आईचाही, आणि आज दोन्ही काही पाळता येणार नव्हते.

ते बाहेर आले आणि म्हणाले, "सदोबा, आपलं गेरूच्या पट्ट्याचं एक गाडगं काढा. पितळेत विरजण कळकून नासेल."

सदोबांच्या तोंडचं पाणी पळालं. "नाना, शुद्धीवर आहात ना? आज एक बाई नेईल, उद्या गावंच्या गावं येतील. घरोघरी आसव व्हायला लागलं तर आपल्या दारात कोण येणार? आणि वडिलांना शब्द दिला होतात तुम्ही! मी होतो तिथे."

"दिला होता. आता मोडतोय. वर गेल्यावर त्यांची बोलणी मी खाईन, तुम्हाला नाही खावी लागणार."

नानांनी स्वतःच्या हाताने गाडग्यात विरजण घातलं, वर फडकं बांधलं. तांब्यातही गुळाचा खडा टाकला. मग सगुणाबाईला हाक मारून लांबूनच सांगितलं, "हे दावणीचं जित्राब आहे असं समजा. रोज गुळाचं पाणी पाजा. गूळ संपला तर मोहाची फुलं घाला, उसाचा रस घाला, पण उपाशी ठेवू नका." बाई ओट्याशी आली. दोन्ही भांडी छातीशी धरून नदीत उतरली.

सदोबा म्हणाले तसंच झालं. पाठोपाठ दुसऱ्या गावचा माणूस आला, मग तिसऱ्या गावचा. नाना ओट्यावरून सगळ्यांना विरजण जपायची रीत सांगायचे, घसा बसेपर्यंत. गेरूच्या पट्ट्याची गाडगी संपली तेव्हा कुंभाराकडून आणखी आणवली. गावोगावी रांजण लागले, आणि नानांच्या दारातली रांग खरंच कमी झाली.

पुढे साथ आसवघरातही शिरली. आधी ढवळणारे आजारी पडले, मग सदोबा. नानांनी सगळ्यांना घरी पाठवून दाराला कडी घातली. "कुणी यायचं नाही. काम राहिलं तर राहू दे," म्हणाले. एकटे रोज विरजणाला पाणी पाजत राहिले. आणि एक दिवस त्यांनाही ताप चढला, तो उतरायलाच तयार होईना.

नाना उठून बसले तेव्हा शेतं पिवळी झाली होती आणि साथ ओसरली होती. काठी टेकत ते आतल्या खोलीत गेले. रांजणाचं झाकण काढलं, तर आत बुरशी चढलेली. वास तर असा की मान फिरवावी लागली. नाना तिथेच जमिनीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. पणजोबांपासून चालत आलेलं त्यांच्या हातून मेलं होतं.

सदोबाही बरे होऊन आले होते. ते हळूच म्हणाले, "पलीकडे जाऊन थोडं मागून आणू का? आपलंच तर आहे."

"दिलेलं परत मागायचं? गावं नुकती सावरताहेत. कुणाच्या दारात जाऊन मी कसा हात पसरू?" नाना म्हणाले. त्यांनी रांजण धुऊन उन्हात पालथा घातला. आसवघर मिटलं असंच दोघं धरून चालले.

दसऱ्याच्या दिवशी वेशी उघडल्या. दुपारची वेळ. नाना रिकाम्या ओट्यावर बसले होते, तर नदीकडून माणसं येताना दिसली, पलीकडच्या गावांची, नवे कपडे घातलेली. प्रत्येकाच्या हातात गेरूच्या पट्ट्याचं गाडगं. पुढे सगुणाबाई, आणि तिच्यामागे कडेवर मूल घेतलेली एक तरणी बाई.

"नाना, तुमची भांडी परत करायला आलोय," सगुणाबाई म्हणाली. "सणासुदीला दुसऱ्याचं भांडं घरात कशाला ठेवायचं? ही माझी सून. हिनेच भरलंय."

"भरलंय?" नानांना काही कळेना.

सून लाजत म्हणाली, "मग? भांडं रिकामं कसं द्यायचं?"

नानांनी फडकं सोडलं. आत विरजण बुडबुडे काढत होतं. त्याला मोहाचा वास होता. दुसऱ्या गाडग्याला उसाचा वास, तिसऱ्याला जांभळाचा, ज्याने जे पाजलं त्याचा. रांजणाचं काय झालं ते यांतल्या कुणालाही ठाऊक नव्हतं. ते आपली घरची रीत पाळायला आले होते.

सदोबांनी कुणी न सांगता रांजण सरळ केला. नानांनी एकेक गाडगं त्यात ओतलं. ओतताना ते रडताहेत की हसताहेत ते त्यांनाच कळत नव्हतं.

"हे वडिलांचं विरजण म्हणायचं का हो, नाना?" सदोबांनी विचारलं.

"त्यांचं राहिलं की नाही कुणास ठाऊक," नाना म्हणाले. "पण जिवंत आहे. आईला आवडलं असतं."

आसवघर पुन्हा पूर्वीइतकं मोठं झालं नाही, खोटं कशाला बोलू? गावोगावी आसव होत होतं. पण दर दसऱ्याला सगळ्या गावांची गाडगी त्या ओट्यावर यायची आणि दुपारी तो जुना वास आळीभर पसरायचा. उंबऱ्याच्या दंडकाचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

आता पोरं विचारतील म्हणून सांगून टाकतो, तात्पर्य: संकटात ज्याच्या हाती औषध आहे त्याने ते कुलपात जपू नये, चार घरी द्यावं, आपल्या घरचं संपलं तर त्या चार घरांतूनच ते परत येतं.