कलिंगडाखालचा कागद आणि गाजराचे पाय

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की बांधावरची बाभळसुद्धा दिसत नव्हती. ऊन वर आलं तशी माणसं शेतात उतरली.

एका गावात बाळकू नावाचा शेतकरी होता. त्याने त्या सकाळी गाजरं उपटायला घेतली. एकही सरळ निघेना. कुणाला दोन पाय, कुणाला तीन, आणि सगळी बोटाएवढी. एकाच्या फाट्यात काळ्या प्लॅस्टिकची चिंधी अडकलेली.

बाळकूला कळायचं ते कळलं. चार उन्हाळे त्याने तण येऊ नये, ओल टिकावी म्हणून कलिंगडाखाली मल्चिंगचा कागद अंथरला होता. म्हणायचा कागद, पण ते प्लॅस्टिकच. पीक निघालं की वेचायचा कंटाळा, म्हणून त्यावरच ट्रॅक्टरचा रोटर फिरवायचा. कागदाचा पार भुगा होऊन मातीत गेला.

पंचाईत अशी, की हेच शेत पाडव्याला शेजारच्या हौसाक्काला द्यायचं ठरलं होतं. तिचं शेत ओढ्यापलीकडे. म्हातारीला आता ओढा ओलांडवत नव्हता, म्हणून अदलाबदल.

बायको म्हणाली, "गप राहा. नांगरट झाली की वर काही दिसत नाही."

"वर दिसत नाही गं. तिला पिकवायचंय ते खाली," बाळकू म्हणाला, आणि ते गाजर घेऊन हौसाक्काच्या अंगणात गेला.

"कोंबडीचा पाय आणलास होय रे?" ती हसली.

"आक्का, तुला द्यायच्या शेतातलं गाजर आहे. मातीत प्लॅस्टिक आहे, आणि ते मीच घातलंय. नको म्हणालीस तरी चालेल."

आक्काने गाजर उलटंपालटं करून पाहिलं. तिचं हसू गेलं.

"राग आलाय मला. पण राग नंतर बघू. पाटी आण."

अदलाबदल लांबली. दर नांगरटीला, दर पावसाला चिंध्या वर यायच्या आणि दोघं वेचायची. पुढे बायकोही यायला लागली. शेणखत घातलं. कागदाऐवजी उसाचं पाचट अंथरलं. तिसऱ्या हिवाळ्यात गाजरं वीतभर निघाली. दहातली दोन मात्र वाकडीच.

"आक्का, बारीक कण अजून आत आहेत. घेशील का शेत?" बाळकूने विचारलं.

आक्काने एक गाजर पदराला पुसलं आणि कडकन मोडून खाल्लं.

तात्पर्य: आक्का बोलली तेच. "घेते की. जमिनीत काहीही लपव, बाळकू, पीक ते सांगतंच. पण माणसाने आधी सांगितलं, तर वेचायला आणखी दोन हात मिळतात."